कवचांवरून तापमान: आधी स्वच्छता, मग समीकरण

समुद्रतळाच्या गाळात फोरामिनिफेरा या सूक्ष्म एकपेशीय जीवांची कवचं सापडतात, आणि त्यांतल्या मॅग्नेशियम-कॅल्शियम गुणोत्तरावरून जुन्या समुद्राचं तापमान काढतात. या गुणोत्तरापासून सुरुवात करताय, तर एकच प्रजाती आणि एकच आकारगट धरा. ग्लोबिजेरिनॉइड्स रूबर ही प्रजाती असेल तर २५० ते ३५५ मायक्रॉन, नमुन्यामागे २०-३० कवचं. प्रजाती मिसळल्या की त्या पाण्यात जगतात ती खोलीही मिसळते आणि आकड्याला अर्थ उरत नाही.

खरी मेहनत साफसफाईत आहे. कवचं दोन काचपट्ट्यांमध्ये हलकेच दाबून फक्त कप्पे उघडा. भुगा केलात तर प्रत्येक धुण्यात नमुना वाहून जाईल. अतिशुद्ध पाणी, मग मिथेनॉल, दोन्हींत अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींनी हलवणं), आणि सुटलेली माती खाली बसायच्या आत वरचं पाणी काढून टाका. चिकणमातीत मॅग्नेशियम भरपूर असतं. गुणोत्तर ४ मिलिमोल प्रति मोल असेल तर गुणोत्तर = ०.३८ × e^(०.०९ × तापमान) या समीकरणाने सुमारे २६.२ अंश सेल्सिअस येतात. मातीमुळे तेच ४.४ झालं की २७.२. म्हणजे एक अख्खा अंश खोटा! त्यानंतर सोडियम हायड्रॉक्साइडमधला हायड्रोजन पेरॉक्साइड, गरम पाण्यात १० मिनिटं. त्याने सेंद्रिय अंश जातो. शेवटी अगदी सौम्य नायट्रिक आम्ल, तेही क्षणभरच.

ॲल्युमिनियम, लोह, मँगनीज प्रत्येक वेळी मोजाच. ते मॅग्नेशियमसोबत वाढताना दिसले तर मळ उरलाय, तो नमुना बाद करा, मन घट्ट करून.

खोल समुद्रतळावर कवच विरघळतं तेव्हा मॅग्नेशियमयुक्त भाग आधी जातो आणि समुद्र होता त्यापेक्षा थंड भासतो. म्हणून गाभा (समुद्रतळातून काढलेला गाळाचा उभा नमुना) किती खोल पाण्यातून काढला आणि कवचांची झीज नोंदवल्याशिवाय तापमान लिहू नका.