अ‍ॅप बंद पडले, पण मुदत चालूच राहिली

एका वाचकांनी सव्वादोन वर्षांपूर्वी सेट-टॉप बॉक्स विकत घेतला. ज्या स्ट्रीमिंग अ‍ॅपसाठी तो घेतला, त्याचे चिन्ह बॉक्सच्या खोक्यावर ठळक छापलेले होते. पाच महिन्यांत ते अ‍ॅप उघडेनासे झाले. बॉक्सच्या कंपनीने ‘पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्ती होईल’ असे सांगत दीड वर्षाहून अधिक काळ काढला आणि गेल्या महिन्यात ‘या मॉडेलवर हे अ‍ॅप यापुढे चालणार नाही’ असा ईमेल पाठवला. वापराच्या अटींत ‘इतर कंपन्यांच्या अ‍ॅपची आम्ही हमी देत नाही’ असे कलम आहे, ते आपल्यावर बंधनकारक आहे का, असा वाचकांचा प्रश्न आहे. याच स्वरूपाची पत्रे आता वारंवार येऊ लागली आहेत आणि बहुतेक पत्रलेखक याच अटीला घाबरलेले असतात.

भीती चुकीच्या जागी आहे. आपल्या प्रकरणाचा निकाल त्या अटीवर नव्हे, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ६९ वर अवलंबून आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली नाही, तर ती मुदतबाह्य ठरते. आपण दोन वर्षे गेल्या महिन्यातल्या ईमेलपासून मोजत आहात. सामनेवाल्यांचे, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांचे, वकील मात्र ही दोन वर्षे अ‍ॅप कायमचे बंद पडले त्या दिवसापासून मोजतील, आणि त्या दिवसाला आता बावीस महिने झाले आहेत. कंपनीशी पत्रव्यवहार चालू होता, आश्वासने मिळत होती, एवढ्याने मुदत थांबत नाही किंवा वाढत नाही. सामनेवाल्यांनी हा मुद्दा काढला नाही तरी तक्रार ऐकणाऱ्या ग्राहक आयोगाने तो स्वतःहून तपासलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्यातील अशाच तरतुदीबाबत २००९ साली स्पष्ट केले आहे.

ठाम नकार ईमेलनेच कळला, म्हणून कारण तेव्हाच घडले, असा युक्तिवाद जरूर करता येतो आणि तो टाकाऊ नाही. प्लॅनमध्ये त्या अ‍ॅपचे पैसे दर महिन्याला कापले जात असतील, तर प्रत्येक आकारणीगणिक सेवेतील त्रुटी नव्याने घडते, असेही म्हणता येईल. परंतु विकत घेतलेल्या बॉक्समधील दोषाला हा तर्क लागू होईलच, याची खात्री कोणी देऊ नये. विलंब माफीची सोय कलम ६९ मध्येच आहे, मात्र त्यासाठी पुरेसे कारण दाखवावे लागते, आणि ग्राहक सेवा केंद्रावर भरवसा ठेवला हे कारण किती आयोगांना पुरेसे वाटेल, याविषयी मी साशंक आहे. जी तक्रार आज निर्विवाद मुदतीत बसते, ती दोन महिन्यांनी माफीच्या अर्जासोबत का न्यायची? स्पीड पोस्टने पंधरा दिवसांची नोटीस द्या आणि उत्तराची वाट न पाहता तक्रारीचा मसुदा तयार ठेवा.

आता त्या अटीविषयी. अधिनियमातील ‘दोष’ या शब्दाच्या व्याख्येत, विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्यानुसार वस्तू नसणे हेही येते. खोक्यावरचे चिन्ह हा असा दावा आहे, आणि म्हणूनच आपण ते खोके रद्दीत टाकले हे वाचून मला वाईट वाटले. ज्या पुठ्ठ्यावर आपला सगळा दावा उभा राहणार होता, तोच आपण घालवला. निदान कंपनीच्या जाहिरातीची किंवा विक्रीच्या पानाची जुनी प्रत, खरेदीचे बिल आणि मॉडेल क्रमांक तरी आजच जमवा. अट अनुचित करार आहे, असे घोषित करून मागण्याच्या फंदात मात्र जिल्हा आयोगात पडू नका. तो अधिकार राज्य आणि राष्ट्रीय आयोगाला दिलेला आहे. जिल्हा आयोगात दोष आणि दिशाभूल करणारी जाहिरात एवढ्यावरच थांबा. बॉक्स विकत न देता केवळ वापरायला दिलेला असेल, तर मांडणी बदलते आणि भर सेवेतील त्रुटीवर द्यावा लागतो. म्हणून बिलावर नेमके काय लिहिले आहे ते पाहा.

पुराव्यात एक गोष्ट बारकाईने करा. बॉक्स सुरू करण्यापासून एकसलग चित्रण घ्या. सेटिंग्जमध्ये जाऊन मॉडेल क्रमांक, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि सुरक्षा अपडेटची तारीख पडद्यावर दाखवा, मग अ‍ॅप उघडून येणारा संदेश वाचता येईल इतका वेळ कॅमेरा स्थिर धरा, आणि त्याच वायफायवर फोनमध्ये तेच अ‍ॅप चालू करून दाखवा. ‘ग्राहकाचे इंटरनेटच मंद आहे’ हा ठरलेला बचाव त्याने तिथेच संपतो. अशी अ‍ॅप्स बंद पडण्यामागे बहुधा बॉक्समधील कालबाह्य सुरक्षा प्रमाणपत्र किंवा थांबवलेली अपडेट्स असतात, आणि ती देणे खरेदीदाराच्या हातात नसते. मार्च २०२५ मध्ये गूगलची टीव्हीला जोडायची दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट उपकरणे अशाच प्रमाणपत्राची मुदत संपल्यामुळेच जगभर अडली आणि कंपनीच्या अपडेटनंतरच पुन्हा चालू झाली. चित्रण दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र जोडा. तोवर कोणी फोनवरून सांगितले म्हणून बॉक्स फॅक्टरी रिसेट करू नका आणि लेखी पोच घेतल्याशिवाय तो परतही देऊ नका.

गेल्या महिन्यातला ईमेल मात्र जपून ठेवा, कारण त्यात कंपनीने स्वतःच कबुली दिली आहे. तक्रार त्या कबुलीवर उभी केली, तर बॉक्स प्रयोगशाळेत पाठवण्याची मागणी टाळता येण्याची शक्यता आहे. कायद्याने अशी तपासणी नसलेल्या तक्रारीचा निकाल सामनेवाल्यांना नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत आणि तपासणी लागल्यास पाच महिन्यांत अपेक्षिला आहे. प्रत्यक्षात तारखांमागून तारखा पडतात आणि कायद्याने महिन्यांत मोजलेले काम वर्षांवर जाते, हे ग्राहकावर उघड अन्याय करणारे आहे. त्यात तपासणीची भर आपण होऊन घालू नये.

बॉक्सची कंपनी, विक्रेता आणि अ‍ॅपची कंपनी या तिघांनाही सामनेवाले करावे असे माझे मत आहे. अ‍ॅपच्या कंपनीवर जबाबदारी निघेलच असे नाही, पण तिचे म्हणणे नोंदीवर यायला हवे. अटींत दूरच्या शहराचे न्यायक्षेत्र लिहिले असले तरी कलम ३४ प्रमाणे आपण राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, आणि वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवा, मात्र तिच्या उत्तरासाठी आयोगातील तक्रार थांबवू नका.