ढिगाऱ्यात माणसाऐवजी रोबो पाठवणं योग्य आहे का? आणि रोबो चुकला तर जबाबदार कोण?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलं आहे, ‘सिल्क्यारात शेवटी माणसांनीच हातांनी खोदलं, मग रोबोवर पैसे कशाला घालवायचे?’ उत्तर लिहायला बसलो ते या एका वाक्यामुळे. नोव्हेंबर २०२३ पासून बचावाच्या साधनांचा विषय निघाला की कुणी ना कुणी हे वाक्य टाकतंच, आणि त्यावर चर्चा संपते. म्हणून आधी सिल्क्यारा, मग तुमचा प्रश्न.

१२ नोव्हेंबर २०२३, दिवाळीची पहाट. उत्तराखंडमधल्या सिल्क्यारा बोगद्याचा भाग खचला आणि ४१ कामगार आत अडकले. मध्ये साधारण ६० मीटर ढिगारा होता. त्यात नुसती माती नव्हती. दगड, शॉटक्रीट (भिंतींवर फवारलेलं काँक्रीट), वाकलेल्या लोखंडी कमानी, जाळ्या असं सगळं एकमेकांत गुंतलेलं होतं. ऑगर मशीन हे आडवं फिरणारं मोठं गिरमिट. मऊ, एकसारख्या थरातून पाइप ढकलायला ते उत्तम. आधी ९०० मिलिमीटरचा पाइप सरकवला, तो अडल्यावर त्याच्या आतून ८०० मिलिमीटरचा. २४ नोव्हेंबरच्या सुमारास साधारण ४७ मीटरवर पाती लोखंडात अडकून तुटली. याचा परिणाम काय झाला ते बघा. तुटलेलं यंत्र त्याच एकमेव पाइपमध्ये रुतून बसलं, म्हणजे बाहेर काढायची वाटच बंद झाली. मग पाती तुकडे तुकडे करून कापावी लागली. त्यासाठी हैदराबादहून प्लाझ्मा कटर, म्हणजे अतितप्त वायूच्या झोताने धातू कापणारं यंत्र, विमानाने आणलं. ८०० मिलिमीटरच्या नळीत कापकाम करायचं म्हणजे धूर आणि उष्णता जाणार कुठे? दर थोड्या वेळाने थांबायचं, हवा खेळू द्यायची, पुन्हा आत शिरायचं.

पाइप मोकळा झाल्यावर १२ रॅट होल मायनर, म्हणजे उंदराच्या बिळासारखी अरुंद वाट हातांनी खणणारे कामगार, आत उतरले. एकाने खणायचं, दुसऱ्याने राडारोडा गोळा करायचा, तिसऱ्याने तो ट्रॉलीत भरायचा, बाहेरच्यांनी दोराने ट्रॉली ओढायची. तेवढी जागा झाली की पाइप पुढे ढकलायचा. उरलेले दहा-बारा मीटर त्यांनी जवळपास एका दिवसात काढले आणि २८ तारखेला संध्याकाळी सगळे ४१ जण बाहेर आले. त्या बारा जणांबद्दल मला अतोनात आदर आहे.

पण यातून ‘माणूस जिंकला, यंत्र हरलं’ हे सिद्ध होत नाही. ऑगर हा रोबो नव्हताच, आणि मिश्र ढिगाऱ्यात तो चुकीचं हत्यार होता. डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेचे छोटे रोबो तिथे आणले होते, पण भुसभुशीत पृष्ठभागावर त्यांचा उपयोग होईना. कामाला आली ती सगळ्यात साधी गोष्ट. २० नोव्हेंबरला सहा इंची नळी पलीकडे पोचली आणि तिच्यातून लवचीक दांडीचा कॅमेरा गेला. त्या नळीने आणि कॅमेऱ्याने गरम जेवण दिलं, आवाज दिला, चेहरे दाखवले आणि घाई करून धोका पत्करण्याचं दडपण कमी केलं.

नैतिक प्रश्न वेगळाच आहे. रॅट होल खाणकामावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्येच मेघालयात बंदी घातली होती, कारण त्या बिळांमध्ये माणसं मरत होती. म्हणजे एरवी जे काम कायद्याने करू द्यायचं नाही, त्याच कौशल्याची माणसं सगळी यंत्रं थकल्यावर आपण आत पाठवली. ती स्वेच्छेने गेली, हे खरं. पण ती जाणार आहेत हे आधीच धरून त्यांचा विमा, नळीतली हवा, वर कमान कोसळली तर मागे ओढायची व्यवस्था, हे सगळं लेखी ठरलेलं असायला हवं. चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा स्फोट झाल्यावर १९८६ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झालं. छतावरचं किरणोत्सारी ग्राफाइट खाली ढकलायला जर्मनीहून ‘जोकर’ नावाचा रोबो आणला, तो बंद पडला आणि मग हजारो सैनिक फावडी घेऊन छतावर धावले. त्यांना लोक ‘जैव-रोबो’ म्हणू लागले. रोबो अडला की त्याच्या जागी कोण जाणार, हे रोबो पाठवण्याआधी ठरवा. नाहीतर जो सगळ्यात गरीब असतो तोच जातो.

आता ‘पाठवावा का’ याबद्दल. आत पोकळी असेल आणि माणूस शिरणं धोक्याचं असेल तर रोबो किंवा कॅमेरा आधी गेलाच पाहिजे. त्यात मला काही वाद दिसत नाही. पण तो आत काय करू शकत नाही हे माहीत नसणारा माणूस त्याच्या जोरावर निर्णय घेतो, तिथे गडबड होते.

केबलपासून सुरुवात करा. काँक्रीट आणि सळयांच्या आत रेडिओ लहरी काही मीटरमध्ये मरतात. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या ढिगाऱ्यात एका बिनतारी रोबोचा संपर्क तुटला, तो ओढून काढायला गेले तर दोरही तुटला आणि रोबो आतच राहिला. केबल लावली तरी प्रत्येक वळणावर घर्षण वाढतं, तीन-चार कोपऱ्यांनंतर ती पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. जपानच्या फुकुशिमा अणुकेंद्रात ऑक्टोबर २०११ मध्ये ‘क्विन्स’ नावाच्या रोबोची केबल अडकली आणि तो दुसऱ्या अणुभट्टीच्या इमारतीत सोडून द्यावा लागला. म्हणून केबलवर दर मीटरला रंगीत पट्टी हवी, आणि केबल सोडायला-ओढायला एक माणूस फक्त त्याच कामाला हवा. वाट एकच असेल तर आधी कॅमेरा घाला, रोबो शेवटी पाठवा. अडकलेला रोबो म्हणजे बंद झालेली वाट, आणि सिल्क्यारात तुटलेल्या पात्यांनी नेमकं तेच केलं होतं.

मग धूळ आणि प्रकाश. दिवा कॅमेऱ्याला चिकटलेला असेल तर धुळीत समोर नुसता पांढरा पडदा दिसतो, घाटातल्या धुक्यात गाडीचे हेडलाइट लावल्यासारखा. दिवा बाजूला आणि तिरका हवा. थर्मल कॅमेऱ्यावर लोकांचा फार भरवसा असतो. तो फक्त पृष्ठभागाचं तापमान बघतो. अंगावर चादर, चिखल किंवा धुळीचा जाड थर असेल तर माणूस दिसत नाही. आपल्याकडे मे महिन्यात स्लॅबच शरीराएवढा तापलेला असतो, तेव्हा तर फरकच कळत नाही.

खाणीत किंवा गटारात मिथेन असेल तर साध्या मोटरची ठिणगी पुरते. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन म्हणजे स्फोटाचा पट्टा. ज्वालारोधक प्रमाणपत्र नसलेला रोबो तिथे नेणं म्हणजे अडकलेल्यांच्या अंगावर काडी टाकणं. आधी गॅस मीटर. प्राणवायू १९.५ टक्क्यांखाली असेल तर माणसाने श्वसन-संचाशिवाय आत जायचं नाही. पाणी टपकत असेल तर यंत्राचं आवरण तपासा. न्यूझीलंडच्या पाइक रिव्हर खाणीत २०१० साली पहिला रोबो पाणी शिरूनच बंद पडला होता.

आता माझं सगळ्यात ठाम मत. ‘रोबोला आत कोणी दिसलं नाही’ या वाक्यावर शोध कधीही थांबवू नये. न दिसणं हा नसल्याचा पुरावा होत नाही. रोबो चालवणाऱ्याने प्रत्येक फेरीनंतर तीन गोष्टी लिहायला हव्यात: किती मीटर गेलो, काय दिसलं, आणि कुठला भाग दिसलाच नाही. ही तिसरी नोंद बहुतेक ठिकाणी होत नाही, आणि शोध थांबवायचा की नाही हे तर तिच्यावरच ठरतं. त्यानंतर कान लावायचा. एक लांब शिट्टी म्हणजे सगळी यंत्रं, जनरेटर, गाड्या बंद. पाच वेळा ठोकायचं, हाक मारायची, मग दोन-तीन मिनिटं कुणी हलायचं नाही. हे वेगवेगळ्या बाजूंनी पुन्हा पुन्हा करायचं. मग वासावरून माणूस शोधणारा कुत्रा. महाडला ऑगस्ट २०२० मध्ये पाच मजली इमारत कोसळली, तेव्हा चार वर्षांचा मुलगा दुसऱ्या दिवशी जिवंत निघाला. आरसीसी इमारतीत खांबाच्या किंवा कपाटाच्या आडोशाला अशी जागा राहते, आणि वळण घेतल्याशिवाय ती कॅमेऱ्याला दिसत नाही.

जबाबदार कोण, हे तुम्ही विचारलं आहे. रोबो नाही, बनवणारी कंपनीही बहुतेक वेळा नाही. ज्याने त्या चित्रावरून ‘थांबवा’ किंवा ‘इथे खोदा’ असं ठरवलं तो अधिकारी, नावासकट, वेळेसकट. चालवणारा एकटा असू नये. एकाने चालवायचं, दुसऱ्याने फक्त चित्र बघायचं. न्यूयॉर्कपासून ढिगाऱ्यांवर रोबो घेऊन जाणाऱ्या अमेरिकी संशोधक रॉबिन मर्फी यांच्या गटाने हे अभ्यासाने दाखवलं आहे. बारा तास जागा असलेला एकटा चालक अडथळे टाळण्यातच गुंतलेला असतो, कोपऱ्यातला हात त्याच्या नजरेतून सुटतो. मग चूक त्याच्या माथी मारायची, हे मला मान्य नाही. त्याला एकटं बसवणाऱ्याची ती चूक.

चित्राबद्दल आणखी एक. सिल्क्याराचं कॅमेऱ्यातलं चित्रण २१ नोव्हेंबरला देशभर दाखवलं गेलं. घरच्यांना धीर आला, ते चांगलंच झालं. पण अडकलेल्या माणसाला कुणी विचारलं होतं का? नशिबाने सगळे धडधाकट होते. कुणी जखमी, रडत किंवा मृत असता तर? आधी कुटुंबाला, एका खोलीत, सोबत डॉक्टर असताना दाखवायचं. वाहिन्यांना नंतर, किंवा नाहीच. आणि रोबोतून बोलणारा आवाज एकच असावा. ‘दोन तासांत काढतो’ असं कधीही सांगू नये. ‘आम्हाला तू सापडला आहेस, काम चालू आहे, पुन्हा अमुक वाजता बोलतो’ असं सांगायचं आणि ती वेळ पाळायची.

आतली माणसं जिवंत नाहीत हे जवळपास नक्की असेल तर गणित बदलतं. तेलंगणात २२ फेब्रुवारी २०२५ ला श्रीशैलम डावा कालवा बोगद्यात आठ जण अडकले, बोगद्याच्या तोंडापासून साधारण १४ किलोमीटर आत, गाळ आणि पाण्याखाली. मृतदेहांच्या जागा केरळहून आणलेल्या कुत्र्यांनी दाखवल्या. शेवटचा टप्पा जवानांसाठी फार धोक्याचा होता, म्हणून तिथे रोबो उतरवायचं ठरलं. हा निर्णय मला योग्य वाटतो. देह मिळवायला जिवंत माणूस गमावू नये. तरीही आठपैकी दोनच देह मिळाले आणि एप्रिलमध्ये शोध थांबवावा लागला. ज्यांच्या घरी देह आला नाही त्यांना हे ‘योग्य’ पटणार नाही. त्यांच्याशी वाद घालायला मी जाणार नाही.

एक गोष्ट मात्र मला झोपू देत नाही. जुलै २०२४, तिरुवनंतपुरम. कचऱ्याने तुंबलेला नाला साफ करायला एक मजूर पाण्यात उतरला आणि वाहून गेला. त्याला शोधायला कॅमेरे लावलेले रोबो आले. गटारं साफ करणारे रोबो बनवणारी कंपनी त्याच शहरातली. दोन दिवसांनी देह मिळाला, तोही दूर, सफाई कामगारांना. जो रोबो त्याला शोधायला आला, तसलं यंत्र आदल्या दिवशी त्या नाल्यावर का नव्हतं? हाताने मैला साफ करून घेण्याविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे. आपल्या राज्यातही टाक्यांमध्ये आणि मॅनहोलमध्ये माणसं गुदमरून मरतात. रोबोवरचा खर्च वाया म्हणणाऱ्यांनी या गेलेल्या जिवांचा हिशोब आधी मांडावा.

हे सगळं पोकळ्या असलेल्या ढिगाऱ्यापुरतं खरं आहे, हे सांगायचं राहिलं. २०१४ ला माळीण, २०२३ ला इरशाळवाडी, तिथे दरड कोसळून पूर्ण चिखल बसला होता. पट्ट्यांवर चालणारा रोबो तिथे पहिल्या मीटरला रुततो. इरशाळवाडीला तर जेसीबीही वर चढवता आला नाही, जवानांनी फावड्यांनीच खणलं. मातीच्या घरांचंही तसंच, किल्लारीच्या भूकंपात जड माळवदं सरळ खाली बसली, आत हवेला जागा उरली नाही. अशा ठिकाणी ड्रोनने वरची भेग आणि पुन्हा सरकणारी दरड बघायची, म्हणजे खाली खणणाऱ्यांना पळायला वेळ मिळतो. तेवढाच उपयोग, पण तो मोठा आहे.

तुमच्या नगरपालिकेकडे पैसे थोडे असतील तर आधी चार वायू मोजणारा गॅस मीटर, लवचीक दांडीचा कॅमेरा आणि भूमीतला आवाज ऐकायचं यंत्र घ्या. ती वापरणारी सहा माणसं तयार करा आणि दर तीन महिन्यांनी पाडायला काढलेल्या एखाद्या इमारतीत सराव घ्या. चालणारा रोबो त्यानंतर.