रेड वाइन, एप्रिलचं ऊन आणि ठेच्याचा पिझ्झा

प्रश्न : मुलगा पुण्याहून येताना शिराझ या रेड वाइनची बाटली घेऊन आला. घरी पिझ्झा केला. केचप लावलं, वर चीज आणि थोडा ठेचा. रेड वाइन रूम टेम्परेचरला प्यायची असते म्हणून बाटली कपाटातच होती. आंबट, कडू आणि घसा जाळणारी लागली. वाइन खराब निघाली का?
— एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : वाइनचा दोष दिसत नाही. तीन चुका एकाच ताटात जमल्या.

पहिली, तापमान. ‘रूम टेम्परेचर’ म्हणजे युरोपातल्या थंड घराचं, 16 ते 18 अंश. वऱ्हाडातल्या एप्रिलच्या खोलीत बाटली सहज 38 अंशांवर जाते. एवढ्या गरम वाइनमधून अल्कोहोलची वाफच आधी नाकात शिरते, फळाचा वास मागे राहतो. रेडची बाटली दोन-अडीच तास फ्रिजमध्ये ठेवा. घाई असेल तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा. रेडला दहा-बारा मिनिटं, व्हाइटला वीस-पंचवीस. नुसत्या बर्फात ठेवू नका, पाणी नसेल तर बर्फ काचेला नीट टेकत नाही. फ्रीजरमध्ये ठेवून विसरलात तर वाइन गोठून फुगते, बूच वर येतं किंवा बाटली तडकते. लाइट गेली तर ओलं फडकं गुंडाळून सावलीत, वाऱ्याच्या जागी ठेवा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात रेडपुरतं तेवढ्यानं निभतं, व्हाइटचं नाही.

दुसरी चूक केचपची. त्यात साखर भरपूर असते, आणि घास वाइनपेक्षा गोड असला की वाइन आंबट-कडू वाटते. सॉस घरीच करा. अर्धा किलो लालबुंद टोमॅटो मिनिटभर उकळत्या पाण्यात टाकून सोला, बारीक चिरा. दोन चमचे तेलात चार लसूण पाकळ्या परता. लाल होऊ देऊ नका. टोमॅटो आणि अर्धा चमचा मीठ घालून मंद आचेवर 20-25 मिनिटं, पळीवर धरेपर्यंत आटवा. पातळ राहिला तर पिझ्झ्याचा तळ ओला होतो. साखर नको. सॉस आंबटच हवा आणि वाइनही तितकीच आंबट हवी, नाहीतर ती पाणचट लागते. इटलीत टोमॅटोच्या पिझ्झ्यासोबत सांजोव्हेझे किंवा बार्बेरा या द्राक्षांची वाइन चालते ती या आंबटपणामुळेच.

तिसरी चूक, ठेचा. अल्कोहोलनं मिरचीची आग वाढते, आणि रेडमधलं टॅनिन, म्हणजे फार उकळलेल्या कोऱ्या चहासारखा तो तुरटपणा, तिखटापुढे आणखी खरखरतो. ठेचा सोडायचा नसेल (का सोडावा?) तर शिराझ सोडा. नाशिककडची शेनिन ब्लाँ (व्हाइट) किंवा झिनफंडेल रोझे (गुलाबी वाइन) घ्या, किंचित गोडसर, 12 टक्क्यांच्या आसपासची. टक्केवारी लेबलवर असते. ही वाइन 8 ते 10 अंशांवर प्या. उरलेली शिराझ मशरूम-चीजच्या किंवा कमी तिखट चिकनच्या पिझ्झ्यासोबत चांगली लागेल, कारण चीजमधली चरबी आणि प्रथिनं टॅनिनला मऊ करतात. बूच लावून फ्रिजमध्ये ती तीन-चार दिवस टिकते.

प्रश्न : तालुक्याच्या दुकानात फक्त गोड ‘पोर्ट वाइन’ मिळते. चालेल?
— एक वाचक, पुसद

उत्तर : साध्या टोमॅटो-चीजच्या पिझ्झ्यासोबत नाही, गोडीपुढे सॉस फिका आणि आंबट लागतो. सावजी मसाल्याचं चिकन किंवा खारट चीज भरपूर असेल तर चालते. चांगली गार करा आणि 60-70 मिलीच ओता. पोर्तुगालची खरी पोर्ट मात्र वेगळी. तिच्यात द्राक्षाची ब्रँडी मिसळतात आणि ती 20 टक्क्यांच्या आसपास कडक असते. दुकानातली बाटली उन्हाच्या फळीवर असेल, बूच वर उचललेलं किंवा मानेवर चिकट ओघळ असेल, तर घेऊ नका. ती उन्हानं शिजलेली आहे.

प्रश्न : ‘ड्राय’ वाइन म्हणजे काय? आणि आमच्या जिल्ह्यात काय प्यावं?
— एक वाचक, आरमोरी

उत्तर : ड्राय म्हणजे साखर जवळपास न उरलेली वाइन. तुमचा जिल्हा वेगळ्या अर्थानं ड्राय आहे : गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे आणि वाइन त्यातच येते, म्हणून बाहेरून बाटली आणू नका. पिझ्झ्याला हवा आंबटपणा, तो कोकमात आहे. ग्लासभर गार सोड्यात दोन मोठे चमचे आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला घट्ट रस. त्यात मीठ असतं, वरून घालू नका. हिवाळ्यात संत्र्याचा रस अर्धा आणि सोडा अर्धा. रस काढताना बिया चिरडू नका आणि लगेच प्या. ठेवलेला संत्र्याचा रस तासाभरात कडू होऊ लागतो.