आधी मैदान बघ, मग नाव

प्रिय मुली,

तुझा फोन आल्यापासून तोच विषय डोक्यात घोळतोय. तुला दोन फुटबॉल क्लबांकडून बोलावणं आलंय: एकीकडे नावाजलेल्या क्लबचा राखीव संघ, दुसरीकडे स्वीडनच्या खालच्या श्रेणीतला, कुणी नावही न ऐकलेला क्लब. घरच्यांना मोठं नाव हवंय, ते स्वाभाविक आहे. माझं मत उलट आहे, आणि त्याला कारण फुटबॉलपटू तबिथा चाविंगा.

आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या उत्तरेकडच्या रुम्फी जिल्ह्यातली ही मुलगी पोरांबरोबर खेळत मोठी झाली. लहानपणी एका सामन्यात ‘हा मुलगाच आहे’ असा संशय घेऊन तिला सगळ्यांसमोर कपडे उतरवायला लावले. पुढे तिनं स्वतःच हे जाहीरपणे सांगितलं. तिथं हजर असलेल्या एकाही मोठ्या माणसाला ते थांबवता येऊ नये, याचा मला अजून संताप येतो.

2014 मध्ये ती स्वीडनला गेली. युरोपातल्या क्लबकडून खेळणारी ती मलावीची पहिली महिला. पण गेली कुठं? क्रोकोम या उत्तरेकडच्या लहानशा गावी, तिसऱ्या श्रेणीत. तिथं 14 लीग सामन्यांत तिनं 39 गोल केले. पुढच्या वर्षी बोर्लेंगे शहरात, कागद गिरणीच्या वस्तीतल्या क्वार्नस्वेडेन क्लबकडे आली आणि तो संघ दुसऱ्या श्रेणीतून सर्वोच्च श्रेणीत चढला. 2017 साली त्या लीगमध्ये सर्वाधिक गोल तिचेच होते. मग चीन, इंटर मिलान, पॅरिस सेंट जर्मेन, ल्यों. इटलीत 2022-23 मध्ये आणि फ्रान्समध्ये 2023-24 मध्येही गोलांच्या यादीत तीच पहिली.

धाकटी बहीण टेमवा याच वाटेनं गेली: क्वार्नस्वेडेन, वुहान, मग अमेरिकेतलं कॅन्सस सिटी. 2024 च्या हंगामात तिनं 20 गोल करून तिथल्या लीगचा विक्रम मोडला, समोर आलेल्या प्रत्येक संघाविरुद्ध गोल केला आणि सर्वोत्तम खेळाडू ठरली. तिचे सामने लावून बस. चेंडू पायात नसताना ती काय करते तेवढंच बघ. बचावपटू मागं पास द्यायला वळली की ही तिच्या अंगावर धावलेली असते. ही सवय बाकावर बसून लागत नाही गं. दर आठवड्याला नव्वद मिनिटं खेळून लागते.

मलावीचा महिला संघ कधी विश्वचषकाला गेला नाही. म्हणजे मोठ्या स्पर्धेत कुणीतरी आपल्याला हेरेल, ही आशा या बहिणींना नव्हतीच. लहान लीगमधले गोल हीच त्यांची ओळख झाली. आपल्या लीगकडे तरी युरोपातली किती माणसं फिरकतात? म्हणून तुलाही स्वीडनला जाऊन, खेळूनच दाखवावं लागेल.

आता कागदपत्रांचं. एजंट फिफाचा परवानाधारक आहे का, हे फिफाच्या यादीत स्वतः तपास. व्हिसा कामाचा हवा. ‘आधी पर्यटक म्हणून या, मग बघू’ असं कुणी म्हणालं, तर तिथंच बोलणं थांबव. पगार, राहण्याची सोय, येण्याजाण्याचं तिकीट, दुखापत झाल्यास उपचार कोण करणार, हे सगळं करारात लेखी असू दे. फोनवरच्या शब्दाला किंमत नाही. आणखी एक, जे कुणी सांगणार नाही: व्यावसायिक करार असेल तर फिफाच्या नियमानुसार खेळाडूला किमान 14 आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते. आज तुला ते दूरचं वाटेल, तरी माहीत असू दे.

तिथल्या प्रशिक्षकाला थेट विचार: तुमच्याकडे माझ्या जागेवर सध्या कोण खेळतं, आणि मला कुठं खेळवणार? उत्तर गुळमुळीत आलं तर मला लगेच कळव. कराराची पानंही सही करण्याआधी पाठव, सगळी, मागची बारीक अक्षरांतलीसुद्धा.

तुझे,
सर