गावच्या जुन्या घराची घरपट्टी कोणी भरली, किती थकली, हे कसं शोधायचं?

तुमचं म्हणणं असं की घर आजोबांच्या नावावर आहे, ऑनलाइन शोधलं तर काहीच दिसत नाही, आणि घरपट्टी थकली आहे की भरलेली आहे हे कळायला मार्ग नाही. शेवटी तुम्ही लिहिलंय, "काका म्हणतात जुन्या पावत्या कधीच फेकून दिल्या, त्यांचा आता काय उपयोग." त्या शेवटच्या वाक्यामुळे मी हे उत्तर लिहायला बसले.

आधी कामाचं. घर ग्रामपंचायत हद्दीत असेल तर नमुना ८ चा उतारा मागा. तो आकारणीचा: घर कोणाच्या नावावर, बांधकाम कसलं, कर किती. पण थकबाकी त्यात कळत नाही, ती नमुना ९ मध्ये, म्हणजे मागणी-वसुलीच्या नोंदवहीत असते. लोक आठ नंबरचा उतारा घेऊन घरी येतात आणि सगळं कळलं असं समजतात. दोन्ही मागा. भरलेल्या पैशाची पावती नमुना १० ची. महा ई-ग्राम सिटिझन कनेक्ट नावाचं अ‍ॅप आहे, त्यावर कर भरता येतो, पण आजोबांच्या काळातलं काही त्यात सापडेल अशी आशा धरू नका.

नगरपरिषद असेल तर कर विभागातून आकारणी उतारा आणि मागणी रजिस्टरची नक्कल. आमचं घर नगरपरिषदेतलं, सातारा जिल्ह्यातलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

आई २०१९ साली गेली. २०२१ च्या जूनमध्ये शेजारच्या काकूंनी फोटो पाठवला: आमच्या बंद दारावर नोटीस चिकटवलेली. २०१०-११ पासून ११ वर्षांची घरपट्टी थकीत, वर्षाला १,२४० प्रमाणे मूळ रक्कम १३,६४०, त्यावर शास्ती, म्हणजे उशिराचा दंड, १६ हजारांच्या पुढे. म्हणजे ३० हजार. मुदतीत न भरल्यास जप्ती. शास्ती एवढी कशी, असं कोणाला वाटेल, म्हणून सांगते: दरमहा २ टक्के, वर्षाला २४. घरपट्टी लहान असते, शास्ती तिला गिळून टाकते.

दादाला फोन केला. तो म्हणाला, "भरून टाकू. एवढ्यासाठी कोण हेलपाटे घालणार. आई विसरली असेल, शेवटी शेवटी तिला आठवत नव्हतं."

माझी आई घरपट्टी विसरणारी नव्हती. बाबा गेल्यावर तिने एकटीने ते घर सांभाळलं. फेब्रुवारीत थकबाकीदारांचे नळ तोडणार असं ओरडत पालिकेची रिक्षा गल्लीतून फिरायची, त्याच्या आधीच्या आठवड्यात ती पैसे भरून आलेली असायची. त्या रिक्षाचा आवाज आपल्यासाठी नाही, याचा तिला अभिमान होता. पावती घरी आली की स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलेल्या तारेत टोचायची. खाली लाकडी चकती, वर आकडा, अशी ती तार. लाइट बिल, पाणीपट्टी, घरपट्टी, सगळं तिच्यावर. पावतीच्या मागे पेन्सिलीने लिहायची, "भरली. सुटे नव्हते, ६० परत यायचे." मग पुढच्या खेपेला त्याखाली, "मिळाले."

२०१४ च्या मे महिन्यात दादाने ओटा नवा करून घेतला, तेव्हा ती तार काढली. "आता सगळं कॉम्प्युटरवर आहे, हा कचरा कशाला ठेवायचा," हे त्याचं वाक्य मला जसंच्या तसं आठवतं. वरचे काही कागद त्याने ओढून टाकलेसुद्धा. आई काही बोलली नाही. उरलेल्या पावत्या तिने बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घातल्या, पुढच्या पाच वर्षांच्याही त्यातच ठेवल्या. ती गेल्यावर तो डबा मी सांगलीला माझ्या घरी आणला. त्याच्यावरूनही आमचं वाजलं होतं.

तो डबा मी नोटिशीच्या रात्री जमिनीवर उपडा केला. २०१०-११ पासून २०१८-१९ पर्यंत नऊ वर्षं, त्यातल्या आठ वर्षांच्या पावत्या हाताशी. एकच नव्हती, २०१३-१४ ची. ती २०१४ च्या फेब्रुवारीत भरलेली असणार, म्हणजे मे महिन्यात तारेवर सगळ्यात वर तीच असणार. कुठे गेली ते मी सांगायला नको.

मग नोटीस आणि पावत्या शेजारी ठेवल्या. सगळ्या पावत्यांवर मालमत्ता क्रमांक ३/२१४. नोटिशीवर ५/६९१.

नगरपरिषदेत दर चार वर्षांनी फेरआकारणी होते, म्हणजे घरांचा कर नव्याने ठरवतात. आमच्याकडच्या एका फेरीत वॉर्डांची मांडणी बदलली आणि घरांना नवे क्रमांक पडले. आमच्या घराचा नवा क्रमांक तयार झाला, पण जुना बंद झालाच नाही. आई दरवर्षी आदल्या वर्षाची पावती खिडकीवर दाखवायची, कारकून तोच क्रमांक टाकून पैसे जमा करून घ्यायचा. पैसे जुन्या खात्यात, मागणी नव्या खात्यात. ऑनलाइन नवा क्रमांक टाकला की ११ वर्षांची थकबाकी दिसायची, आणि ती त्या क्रमांकापुरती खरीही होती. दादाने घरबसल्या तेच पाहिलं आणि आईवर ठपका ठेवून मोकळा झाला.

पहिल्या दोन खेपांना कर विभागात मला सरळ सांगितलं गेलं की कॉम्प्युटर दाखवतो तेच बरोबर, पावत्या दुसऱ्या घराच्या असतील. तिसऱ्या खेपेला मी बोलणं सोडून अर्ज दिला. माहितीच्या अधिकारात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, आणि नकला न मागता दोन्ही क्रमांकांच्या आकारणी व मागणी नोंदवह्यांची प्रत्यक्ष पाहणी मागितली. हा फरक लक्षात ठेवा. नक्कल मागितली की ते त्यांना सापडेल तेवढंच पान देतात. पाहणी मागितली की वही तुमच्यासमोर उघडावी लागते.

वही उघडली ती एका वयस्क कारकून बाईंनी. कापडी बांधणीचं, हाताने उचलवणार नाही असं रजिस्टर. त्यांनी ३/२१४ च्या ओळीवर पट्टी ठेवली: बाबांचं नाव, त्यावर लाल शाईने आडवी रेघ, वर "वारस" म्हणून आईचं नाव, शेवटच्या रकान्यात सिटी सर्व्हे नंबर, म्हणजे जागेचा भूमापन क्रमांक. मग दुसऱ्या वहीत ५/६९१. आईचंच नाव, फक्त आडनावात एक काना जास्त, आणि सिटी सर्व्हे नंबर तोच. बाई थोडा वेळ दोन्ही ओळींकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, हे एकच घर आहे हो." एवढंच मला दोन महिने कोणीतरी म्हणायला हवं होतं.

राहिली २०१३-१४ ची पावती. ती नसेल तर ते वर्ष थकीत धरू, असं वरचे साहेब म्हणाले. तिथेही आईचाच कागद कामाला आला. घरपट्टीच्या पावतीवर "मागील" आणि "चालू" असे दोन रकाने असतात. २०१४-१५ च्या पावतीवर मागीलच्या रकान्यात आडवी रेघ होती. आदल्या वर्षाचं काही बाकी असतं तर तिथे आकडा आला असता. मी तो रकाना दाखवला आणि ते मान्य झालं. म्हणून सांगते, मधली एखादी पावती हरवली तर घाबरू नका, तिच्या पुढच्या वर्षाची शोधा.

सात महिने लागले. जुन्या खात्यातला भरणा नव्या खात्यात वळता झाला, त्या नऊ वर्षांची शास्ती रद्द झाली. २०१९-२० आणि २०२०-२१ ची घरपट्टी मात्र खरोखर थकली होती. आई गेल्यानंतरची ती दोन वर्षं. ना दादाने भरली ना मी. ती शास्तीसकट मी पहिल्याच महिन्यात भरून टाकली होती. त्या घराची घरपट्टी बुडली असेल तर ती आम्ही दोघांनी बुडवली, आईने नाही. दादा, हे मी तुला तोंडावर सांगितलंय, इथेही लिहून ठेवते.

आता तुमच्या काकांचं. पावत्या फेकल्या म्हणतात, तरी एकदा स्वतः बघा. देवघराचा खण, ट्रंकेचा तळ, फोटोच्या मागची बाजू. जुनी माणसं असे कागद टाकत नसतात. एक पावती मिळाली तरी तिच्यावर मालमत्ता क्रमांक असतो, आणि खरी किंमत त्या क्रमांकाची आहे. ऑनलाइन "काहीच दिसत नाही" याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की नावाचं स्पेलिंग वेगळं आहे किंवा क्रमांक बदललाय. नाव टाकून शोधणं सोडा.

बिल हातात आलं की नुसती बेरीज बघू नका, रकाने वाचा. मालमत्ता कर, शिक्षण कर, वृक्ष कर वगैरे असतातच. पण राहत्या घराच्या बिलात रोजगार हमी कर दिसला तर समजा की घराची किंवा त्यातल्या एखाद्या खोलीची नोंद बिगरनिवासी झालीय. तो कर निवासी वापराला नसतो. पुढच्या खोलीत कोणे एके काळी पिठाची गिरणी किंवा शिवणकामाचं दुकान होतं का, ते घरी विचारा. आणि कोणी ५०० चौरस फुटांच्या माफीचं सांगेल, तर ती २०२२ ची सवलत मुंबईतल्या घरांपुरती आहे.

दोन गोष्टी राहिल्या. मी भांडले कारण माझ्या हातात पावत्या होत्या. तुमच्याकडे काहीच नसेल आणि नोंदवहीतही भरणा दिसत नसेल, तर नगरपरिषदेत शास्ती दर महिन्याला वाढते हे ध्यानात घेऊन लवकर भरून टाका. अधूनमधून शास्तीत सूट देणाऱ्या अभय योजना येतात, चालू आहे का ते आधी विचारा. दुसरं म्हणजे, घरपट्टी तुम्ही भरली म्हणून घर तुमचं होत नाही, आणि चुलत्याच्या नावाने बिल येतं म्हणून त्याचंही होत नाही. ती नोंद करवसुलीपुरती असते, कोर्टांनी हे कितीदा तरी सांगितलंय. आजोबांनंतरच्या वारसांचं काय ते मालमत्ता पत्रकावर, वारसनोंदीत आणि गरज पडली तर वकिलाकडे बघावं लागेल. त्यातलं मला फारसं कळत नाही.

उद्या गावी गेलात तर आत शिरण्याआधी दाराच्या चौकटीवर वरच्या बाजूला बघा. जुन्या घरांना घर क्रमांकाचा पत्र्याचा, नाहीतर निळ्या-पांढऱ्या मुलाम्याचा बिल्ला ठोकलेला असतो. रंग देताना त्यावरही हात फिरलेला असेल, नाण्याने हलकेच खरवडा. जो आकडा निघेल तो लिहून घ्या, फोटो काढा, आणि तोच अर्जात पहिल्या ओळीत घाला.