शेजारच्या सीटवरच्या काकू

सुट्ट्या संपवून गावाहून परतलेली मुलं माझ्याकडे समुपदेशनाला आली की हमखास एक तक्रार सांगतात: बसमध्ये शेजारचं माणूस नको त्या चौकशा करतं, अंगावर रेलून झोपतं आणि आम्हाला काही बोलताच येत नाही. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून एकट्या गावी जाणाऱ्या मुलींकडून तर जास्तच.

त्यातलीच एक. नोकरी पुण्यात, घर लातूरला, रात्रभराचा प्रवास. शेजारच्या काकूंनी भिगवण यायच्या आत आडनाव आणि पगार काढून घेतला आणि इंदापूरपासून लग्नाचा विषय धरला. हिनं सगळी उत्तरं दिली. पुढच्या दिवाळीला ‘रजा नाही’ म्हणून घरी गेलीच नाही.

“सांगायचं नाही, असं का नाही म्हणालीस?”

“उद्धट वाटलं असतं, मॅडम.”

“कुणाला?”

“काकूंना.”

“त्या परत कधी भेटणार?”

“कधीच नाही.”

मी पुढे काही विचारलं नाही. अशा वेळी गप्प बसणं जमायला मला बरीच वर्षं लागली. ती टेबलाकडे बघत राहिली, मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, “म्हणजे अख्ख्या बसनं मला चांगली मुलगी म्हणावं, असा माझाच हट्ट आहे.” हे मी सांगितलं असतं तर तिनं नुसती मान डोलावली असती.

माझी भिस्त अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञावर. लोकलाजेनं गांजलेल्यांना तो न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत स्टेशनांची नावं मोठ्यानं पुकारायला सांगायचा. हिला मी एवढंच दिलं: एका प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही. ‘काकू, ते राहू द्या, मी झोपते आता.’ हसून, आणि कारण न देता. कारण दिलं की काकू त्यावर उपाय सांगतात!

झोपेत खांद्यावर डोकं टेकणाऱ्याला सरळ हलवून जागं करावं, बहुतेक जण ओशाळून सरकतात. मुद्दाम केलेला स्पर्श मात्र वेगळा. तिथे हसायचं नाही, समजून घ्यायचं नाही. मोठ्यानं बोलायचं, कंडक्टरला हाक मारायची, जागा बदलून मागायची, गरज पडली तर ११२ लावायचा.

पुढच्या खेपेला शेजारी दुसऱ्याच काकू, प्रश्न तेच. हिनं वाक्य म्हटलं.

“मग?”

“त्यांचं तोंड वाकडं झालं, मॅडम.”

“आणि तू?”

“मी? लातूरजवळचं मुरूड येईपर्यंत झोपले.”