चंद्रकळा करडी, हळद फिकी

ऑटोवर, म्हणजे सगळं कॅमेऱ्यानेच ठरवायच्या सेटिंगवर, काढलेल्या फोटोंच्या तक्रारी या वेळी बऱ्याच आल्या. त्यांतल्या चार घेतो.

प्रश्न : संक्रांतीला सुनेचे फोटो काढले. काळी चंद्रकळा राखाडी दिसते आणि हलव्याच्या हाराचा नुसता पांढरा पट्टा झालाय. कॅमेरा बिघडला का?

कॅमेरा ठणठणीत आहे. त्याला साडी कळत नाही, तिच्यावरून परत आलेला उजेड तेवढा कळतो. समोरचं सगळं मिळून मध्यम करडं, म्हणजे साधारण १८ टक्के उजेड परतवणारं असणार, हे त्याचं गृहीतक. चौकटभर काळी साडी आली की त्याला वाटतं, अंधार आहे. मग तो जास्त उजेड घेतो. काळं करडं होतं आणि मुळात शुभ्र असलेला हलवा फोटोत जळतो, म्हणजे बारकावे जाऊन पार पांढरा होतो. हलव्याला काटे आणायला घरच्या बाईने कढईपुढे तासन्‌तास घालवलेले असतात हो, आणि पहिले तेच जातात!

अधिक-उणे चिन्हाचं बटण शोधा आणि उणे १ वर न्या. उजेड निम्मा होतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत पूर्ण ऑटोवर हे बटण चालत नाही, तेव्हा चकती ‘पी’वर फिरवा. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकवा, सूर्याचं चिन्ह येईल, ते थोडं खाली ओढा. मग फोटो मोठा करून हलव्याचा एक दाणा पाहा. काटे दिसले म्हणजे जमलं. पांढरे सदरे-टोप्या घातलेली दिंडी असेल, तर याच्या नेमकं उलट : अधिक १. नाहीतर कपडे मळकट दिसतात.

प्रश्न : मुलीच्या हळदीला सगळं पिवळंधमक होतं, फोटोत मात्र हळद फिकी आणि पांढरे कपडे निळसर. शिवाय लागोपाठच्या दोन फोटोंचे रंगही जुळत नाहीत.

हा ऑटो व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे उजेडाचा रंग ओळखून फोटोचे रंग आपोआप जुळवणाऱ्या सोयीचा उद्योग. झेंडू, साड्या, हळद असा पिवळ्याचा भडिमार झाला की कॅमेऱ्याला वाटतं, दिवाच पिवळा आहे. तो पिवळेपणा मारायला तो निळा वाढवतो. पुढच्या फोटोत कोणाची हिरवी साडी आली की हिशेब पुन्हा नवा. माझ्या मावसबहिणीच्या हळदीत मीही हे करून बसलोय. अर्ध्या फोटोंत तिच्या गालाला बेसन फासल्यासारखं दिसतं. टोमणे अजून ऐकतो.

अंगणात उजेडी कार्यक्रम असेल तर व्हाइट बॅलन्स सूर्याच्या चिन्हावर, म्हणजे सुमारे ५५०० केल्विनवर (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप) ठेवा आणि शेवटपर्यंत हलवू नका. हॉलमध्ये पिवळे दिवे असतील तर ३००० च्या आसपास. खिडकीतून ऊन आणि वरून पिवळे दिवे असं मिश्रण असेल तर कोणताच आकडा पुरत नाही. शक्य असेल तर दिवे बंद करायला सांगा आणि नवरीला खिडकीजवळ बसवा.

प्रश्न : समुद्रावरचा सूर्यास्त डोळ्यांना सोनेरी, फोटोत बेचव.

तीच गोष्ट. व्हाइट बॅलन्स ढगाच्या चिन्हावर ठेवा आणि अधिक-उणे बटणाने एक्स्पोजर, म्हणजे आत येणारा उजेड, थोडं उणे करा.

प्रश्न : कार्यालयातल्या फोटोंवर आडवे काळसर पट्टे आलेत. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढले असते तर काढून टाकता आले असते का?

नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते जाणवत नाही. पण ऑटोने १/५०० चा शटर निवडला, म्हणजे उजेड फक्त १/५०० सेकंद आत घेतला, की फोटोचा एक भाग दिवा उजळताना टिपला जातो, दुसरा मंदावताना. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. रॉचा खरा उपयोग वरच्या हळदीला : व्हाइट बॅलन्स नंतर हवा तसा बदलता येतो. जळलेल्या हलव्याला मात्र रॉसुद्धा थोडीफारच मदत करतो. पार पांढरे झालेले काटे परत येत नाहीत.